हिरवे ड्रम

"मॅडम, हे ड्रम आजच्या आज खाली झाले पाह्यजेत!" फ्लॅट स्कीमचे अध्यक्ष मधुकरराव गरजले. "दुपारी काटोलचे पाहुणे येऊन राहिले. पोरीचं जमवाचं आहे. दारातच डबकं दिसलं तं काय म्हणतील?"

"डबकं नाही, शेवाळ आहे भाऊ," वंदनाबाई म्हणाल्या.

विज्ञानाच्या या निवृत्त शिक्षिकेने आठही घरांचं धुण्या-आंघोळीचं पाणी तीन ड्रमांत साठवून त्यात शेवाळ वाढवलं होतं. शेवाळ घाण खाई. मग रेतीतून गाळलेलं पाणी चौथ्या ड्रमात नितळ उतरे, आणि वाळलेल्या शेवाळाचं खत होई. पण ऐकतो कोण? मधुकररावांनी चौकीदार गोपाळरावांना हुकूम सोडला. चार महिन्यांची मेहनत नालीत जाणार म्हणून वंदनाबाई दार लावून बसल्या.

मे महिना, पारा शेहेचाळीसवर, आणि नेमका टँकर आला नाही. अकरा वाजता सगळ्यांचे कूलर कोरडे पडून गरम वारा फेकू लागले. मधुकरराव फोनवर टँकरवाल्याच्या विनवण्या करत बसले. बाराला एकाएकी गार झुळूक आली. टँकर आला असणार, असं ते धरून चालले.

पाहुण्या जिजाबाई, मुलाची आई, स्वतः संत्र्याची बाग पाहणाऱ्या. कूलरसमोर बसून म्हणाल्या, "काय थंडावा आहे जी! आमच्याकडं विहिरी आटल्या. तुम्ही पाणी कुठून आणता?"

"आपल्याकडे सगळी सोय आहे. खाली एका मॅडमनं तेवढी घाण करून ठेवली होती, ते काढाले लावली."

तेवढ्यात गोपाळराव दारात आले. "साहेब, नितळ पाण्याचा ड्रम खाली झाला. फेकावं कशाले, म्हणून सगळ्यांच्या कूलरमंधी टाकलं. तुमच्यात पयले. आता हिरवे नालीत सोडू का?"



जिजाबाई उठल्या आणि थेट खाली गेल्या. वंदनाबाईंना बोलावलं, सगळं विचारून घेतलं, वाळलेलं शेवाळ चिमटीत चोळलं. "हे खत मले बागेसाठी पाह्यजे. अन् बाई, आमच्या गावात येऊन हे शिकवाल का?" मग मधुकररावांकडे वळल्या. "इतक्या डोक्याची माणसं राह्यतात जिथं, तिथलीच सून करीन म्हणते."

"आमच्या सोसायटीचीच योजना आहे ना ही!" मधुकरराव छाती काढून म्हणाले.

"असं का?" वंदनाबाईंनी ड्रमातलं शेवाळ गाळून काढायचं कापड त्यांच्या हातात दिलं.

संध्याकाळी कोपरापर्यंत हिरवे झालेले अध्यक्ष चौकीदारावर ओरडत होते, "हळू टाका गा गोपाळराव, शेवाळ सांडून राहिलं!"