चार मोबाईलवरून भरलेला हॉल

शेजारच्या रतननानांना चहा दिला की ते स्वतःचा कप माझ्यापुढे सरकवतात आणि माझा उचलतात. "तुन्हावर इस्वास शे ताई," म्हणतात, "पन सवय बरी ऱ्हास."

दूधवाला लवकर आला तर "यानामा काईतरी शे." उशिरा आला तरी तेच.

त्यांच्या एकुलत्या लेकीचं, वैशालीचं लग्न ठरलं. नानांनी नंदुरबारातच हॉल घेतला. पावती मात्र नको म्हणाले, कारण पावतीवर आकडा असतो आणि तो कोणीही वाचतो. त्यांच्या मोबाईलवर पैसे पाठवायची सोयही नाही. म्हणून दर हप्त्याला नव्या माणसाच्या हातात रोख द्यायची आणि त्याच्या मोबाईलवरून हॉलला पाठवायला लावायचं. एक हप्ता नवापूरच्या भाच्याकडून, एक माझ्याकडून, एक सलीमभाई टेलरकडून. "आक्खा खर्च कोनलेच समजाव नही!"

समजला नाहीच. हॉलवाल्यालाही नाही. लग्न तोंडावर आल्यावर मॅनेजर म्हणाला, "तुमच्या नावावर काहीच जमा नाही. पुन्हा भरा, नाहीतर तारीख दुसऱ्यांना देतो."

नाना थेट पोलिसांत निघाले होते. मी त्यांना बसवलं आणि कामं सांगितली. आधी प्रत्येकाच्या बँकेचा उतारा, सोबत 'हे पैसे रतननानांचे' असं सहीचं निवेदन. मग वकिलाची नोटीस. तरी ऐकलं नाही तर ग्राहक आयोग. पोलीस नंतर बघू.

"वकील हॉलवालाना पाव्हना नही ना?"

"माझी मावसबहीण आहे, नाना."

"मंग तं यानामा काईतरी शेच!"

सलीमभाई उतारा घेऊन आले. "नाना, आता तरी माझ्याकडे दिलेलं कापड पुन्हा मोजू नका."

"मोजाले काय जास?"

चौथा हप्ता कोणी पाठवला, हे मात्र नाना सांगेनात. त्याच्याशिवाय नोटीस लंगडी पडत होती. शेवटी पुटपुटले, "धानोराले. रघुनाथ."

रघुनाथ म्हणजे धानोऱ्याला राहणारा धाकटा भाऊ. वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद. नानांचा सगळ्यात जुना संशय त्याच्यावरच.

"त्याच्या हातात रोख दिली? का?"

नाना खिडकीबाहेर बघत होते. "लगनले ये, आसं सांगाले गऊ व्हतू. तोंडमा शब्द उना नही. मंग पैसा काढीसन दिधा."

फोन मीच लावला. रघुनाथ त्याच दुपारी आले, उतारा ठेवला, सही केली. चारही उताऱ्यांसह नोटीस गेल्यावर मॅनेजरला आमची जमा सापडली. पण मला आठवतं ते त्या दुपारचं. सही झाली तरी रघुनाथ उठेनात.

"हळदना मांडवले जांभूयना डगळा कोन लई ऱ्हायना?" मांडवावर घालायच्या जांभळाच्या फांद्यांचं त्यांनी विचारलं.

"कोनीच नही," नाना म्हणाले.

"मी लई येसू."

नाना "बरं" म्हणाले. भावाची मोटरसायकल वळणाआड गेली, तरी ते दारातच उभे होते.