पाटीवरचा गळ

"आजोबा, मीतची बोटं कच्ची आहेत," मीतच्या शाळेतल्या क्वेनबाई म्हणाल्या. त्या दुकानासमोर उभ्या होत्या आणि सा देकचा निम्मा बाजार ऐकत होता.

साउआजोबा बान्ह तळत होते. अर्ध्या चंद्रासारखे बान्ह, आत नारळ आणि शेंगदाणे, कडेला मुरड. त्यांनी झारा खाली ठेवला नाही.

"कच्ची म्हणजे काय?"

"पेन्सिल नीट धरत नाही. अक्षर ओळीवर बसत नाही. पहिलीची बाकीची मुलं शाईच्या पेनावर आली, तुमची नात अजून खेकडे काढतेय. संध्याकाळच्या अक्षरवर्गात मी तिच्यासाठी एक जागा राखून ठेवलीय. आणि तिला पिठात बसवू नका. पिठानं बोटं मऊ पडतात."

संध्याकाळी आजोबा आणि मीत दुसऱ्या दिवशीचे बान्ह भरायला बसत. मीतला मुरड आजीनं शिकवली होती. आजी गेल्या वर्षी तेतच्या सणानंतर गेली. आजोबांचे अंगठे जाड, त्यांना मुरड कधी जमली नाही. आता घरात मुरड येणारी एकटी मीतच. संध्याकाळ वर्गाला गेली असती तर आजोबांच्या हातात नुसतं पीठ उरलं असतं.

"ही म्हणायची, मुरड आली की बोटांना सगळं येतं," आजोबा म्हणाले.

"कोण म्हणायची?" बाई उत्तरेतल्या हनोईकडच्या. इथलं बोलणं त्यांना अर्धंच कळे.

शेजारी मासे विकणारी तामकाकू मध्ये पडली. "त्यांची बायको हो, बाई. जाऊन वर्ष झालं, तरी अजून असं बोलतात जशी काही मागे पाणी भरतेय. साउभाऊ, लोक हसतात हो तुम्हाला."

"हसू दे. माझ्या बायकोला काय म्हणायचं ते मी ठरवणार. आणि माझ्या नातीचा हात कच्चा की पक्का, तेही मीच ठरवणार."

"ते मी ठरवते, आजोबा," बाई शांतपणे म्हणाल्या. "सोमवारी तिला वर्गात पाठवा."

आजोबांच्या डोक्यात तिडीक गेली. दुकानावरची 'बान्ह बा हुए', म्हणजे हुएआजीचे बान्ह, ही जुनी पाटी उन्हापावसानं पुसून गेली होती. नवी करून घ्यायची होतीच. रविवारी त्यांनी एक फळी घासून पांढरी केली, लाल रंगाचा डबा उघडला आणि कुंचला मीतच्या हातात दिला.

"पाटी तू लिहायची. मोठ्ठी. बाजारातून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसली पाहिजे."

"काय लिहू?"

"दुकान कोणाचं आहे ते लिही," असं म्हणून आजोबा नारळ फोडायला मागे गेले.

परत आले तेव्हा मीतच्या नाकाला रंग लागला होता आणि पाटी पुरी झाली होती. आजोबांना चष्म्याशिवाय लाल अक्षरं दिसली, ठसठशीत आणि थोडकी. हुए हे नाव मीतला अजून लिहिता येत नसेल, असं त्यांना वाटलं. रंग वाळताच त्यांनी पाटी खिळ्यांनी ठोकली. खिळे दोन पुरले असते, त्यांनी सहा मारले.

सोमवारी सकाळी गिऱ्हाईक आलं नाही. लोक थांबत, वर बघत, पुढे जात. एक बाई मुलाचा हात ओढून जवळजवळ पळतच गेली. मग एक होडीवाला आला आणि बान्हकडे बराच वेळ बघत राहिला.

"हे घरातल्या उंदरांना चालेल का?"

"उंदरांना?"

"शेतातले नकोत. ते आम्हीच खातो. होडीत शिरलेत ते."

तामकाकू हसता हसता माशांच्या टोपलीवर बसली. "साउभाऊ, चष्मा घाला आणि वर बघा!"

आजोबांनी चष्मा घातला. आमच्या अक्षरांच्या डोक्यावर खुणा असतात, खूण बदलली की बोलण्याचा सूर बदलतो, आणि सगळा अर्थ त्या खुणांत असतो. 'बा'वर उतरती रेघ दिली की आजी. माशाच्या गळासारखी वळलेली खूण दिली की विष, उंदरांना खाण्यात घालून देतात ते. पाटीवर लाल रंगात लिहिलं होतं 'बान्ह बा', आणि 'बा'वर गळ होता. विषाचे बान्ह.

आजोबांचा चेहरा पडला. तेवढ्यात बाजार समितीचा दिन्ह आलाच.

"आजोबा, पाटी उतरवा. तक्रारी आल्यात."

"नाही उतरवणार."

"अहो, विष लिहिलंय!"

"माझ्या नातीनं लिहिलंय. तिच्या अक्षराला कोणी हात लावायचा नाही."

"निदान ती खूण तरी पुसा."

"खूणही पुसणार नाही. विष आहे ना? हे बघा विष!" आजोबांनी एक बान्ह उचलून तोंडात टाकला. गर्दी जमली तसा दुसरा टाकला. मग कोणी काही म्हणायच्या आत तिसरा आणि चौथा एकदमच कोंबले.

शेंगदाणा घशात अडकला. आजोबा लाल झाले, मग जांभळे झाले. त्यांनी टेबल धरलं, टेबल हललं, झारा खणखणत खाली पडला.

"लागलं! विष लागलं!" कोणीतरी ओरडलं. दिन्ह रिक्षा बोलवायला पळाला आणि तामकाकूच्या टोपलीत पाय घालून आडवा झाला. मासे रस्ताभर उड्या मारू लागले. तामकाकू मासे सोडून आजोबांच्या पाठीत बुक्के मारू लागली. होडीवाला मात्र जवळ सरकला.

"जोरदार आहे," तो म्हणाला. "मला किलोभर द्या."

शाळा बाजाराला लागूनच होती; शेंगदाणा बाहेर पडून आजोबांचा श्वास जाग्यावर येईपर्यंत समोर क्वेनबाई उभ्या होत्या. शाळेतली मधली सुट्टी होती आणि त्यांनी मीतला हाताला धरून आणलं होतं. बातमी शाळेत पोचली ती 'मीतच्या आजोबांनी विष खाल्लं' अशीच. मीतचे डोळे रडून लाल झाले होते. आजोबा उभे दिसताच ती त्यांच्या पायांना बिलगली.

बाईंनी पाटी वाचली. "म्हणूनच म्हणत होते मी. हात कच्चा आहे, रेघ काढताना घसरला. मीत, आजी लिहिताना 'बा'वर काय देतात?"

"रेघ," मीत नाक पुसत म्हणाली.

"मग तू गळ का दिलास?"

"मी आजी लिहिलंच नाही, बाई."

"मग काय लिहिलंस?"

"आजोबा म्हणाले, दुकान कोणाचं ते लिही. आजोबा कधीच आजी म्हणत नाहीत. तामकाकू ओरडली तरी म्हणत नाहीत. ते 'ही' म्हणतात. हिची कढई, हिचं स्टूल, हिचे बान्ह. 'ही'वर गळच असतो ना?"

तामकाकूचं हसू थांबलं. माशांकडे बघायचंही ती विसरली.

"कुठली 'ही'?" बाईंना उमगेना.

"आमच्याकडे नवरा बायकोला असंच म्हणतो, बाई," तामकाकू हळूच म्हणाली. "'ही.' बोलतात सगळे, लिहीत कोणी नाही. आमच्या बोलीत 'ही'लाही 'बा'च म्हणतात, आणि लिहायचं झालं तर असंच. 'बा'वर गळ. पोरीनं बरोबर लिहिलंय."

बाई पाटीजवळ गेल्या. पहिलीच्या मुलांना गळ वळवता वळवता नाकी नऊ येतात. कोणाचा सरळ राहतो, कोणाचा लोंबतो. हा वरून गोल आला होता, आत वळला होता आणि जिथे थांबायचा तिथे थांबला होता.

"हे वळण कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. मुरडीचं टोक आत वळवतात तसा वळवला." मीतनं हवेत अंगठा फिरवून दाखवला.

बाई पाटीपासून मागे सरल्या. मग त्यांनी मान ताठ केली. "तरीही अक्षरं ओळीत नाहीत."

"पाटीला ओळी नसतात, बाई," आजोबा म्हणाले.

दिन्ह एका पायानं लंगडत आला. पाटी राहू दे, पण खाली काहीतरी खुलासा लिहा, अशी त्यानं हात जोडून विनंती केली. मीतनं कुंचला घेऊन खाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'उंदरांसाठी नाहीत.' होडीवाला हिरमुसला. तरी त्यानं किलोभर बान्ह घेतले आणि जाता जाता त्यातला एक हळूच तोंडात टाकला.

"आणि संध्याकाळचा वर्ग?" आजोबांनी विचारलं. झारा त्यांच्या हातात होता.

बाईंनी पर्सचा पट्टा सरळ केला. "वर्गात जागा उरली नाही."

"अरेरे."

"आलेच आहे तर मलाही चार द्या."

"कोणाचे?"

बाईंनी पाटीकडे पाहिलं. मग आपल्या उत्तरेकडच्या जिभेनं त्या म्हणाल्या, "हिचे."

आजोबांनी कागद फाडला, पण बान्ह उचलले नाहीत.

"गळ नीट लागला नाही, बाई. पुन्हा म्हणा."

क्वेनबाईंनी पुन्हा म्हटलं.