काकांची पाणसळ

आमचे पुंडलिककाका चष्मा विसरतील, पाकीट विसरतील, पण पाणसळ विसरायचे नाहीत. पाणसळ म्हणजे गवंड्याकडची ती पट्टी, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. काका मोजणी खात्यातून निवृत्त झाले आणि उरलेलं जग सरळ करायचा मक्ता त्यांनी स्वतःकडे घेतला. कोणाच्याही घरी गेले की आधी पाणसळ टेकवतात, पाण्याचा पेला मग. तरुणपणी अकोल्याला जठारपेठेत मुलगी पाहायला गेले होते. पोहे येईपर्यंत यांनी उंबऱ्यावर पाणसळ ठेवली आणि होणाऱ्या सासऱ्याला सांगितलं, "मामा, तुमचा उंबरा उतरला." काका अजून बिनलग्नाचे आहेत. "काहून खोटं बोलू? उतरला होता तं उतरला होता," असं ते आजही म्हणतात.

नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या शेतात मी संत्र्याची वाईन करतो. वायनरी म्हणायला तीन टाक्या आणि पत्र्याची एक शेड. मी अमरावतीला राहतो, शेतावर काका एकटे असतात. गळ्यात माळ, वाईनचा थेंब कधी जिभेला लागलेला नाही, पण टाकी धुवावी तर त्यांनीच.

बाटल्या भरायचं यंत्र काही आम्ही घेतलेलं नाही. वर्षातून एकदा नाशिककडून ते यंत्र बसवलेली गाडी येते. टाकीची नळी जोडायची आणि दिवसभरात बाटल्या भरून मोकळं व्हायचं. ती तारीख हुकली तर वाईन टाकीत पडून राहणार, आणि आमच्या उन्हाळ्यात ती नासायला किती वेळ लागतो?

गाडीला सपाट जागा लागते, हे एकदा काकांच्या कानावर पडलं मात्र, त्यांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. पंधरा दिवस आधीपासून फोन सुरू होतात. "लेका, गाडी येऊन राहिली अन् तू फोनवर कामं सांगून राहिला? लेबलं आन. बुचं आन." स्वतः अंगणात मुरूम पसरतात, पाणी मारतात, रोलर फिरवून घेतात आणि हात-हात अंतरावर पाणसळ ठेवत रांगतात. त्यावरून कुत्रं गेलं तरी ओरडतात, "हट्! लेव्हल बिघडली ना बे!"

आणि एवढं करून दर वर्षी गाडीचं मागचं डावं चाक रुततं. मग जॅक आणा, फळ्या आणा, विटा लावा. अर्धा दिवस त्यात जातो. काका कपाळाला हात लावतात. "काळी माती हाय ना बाप्पा. तिच्यापुढं कोनाचं चालते?" तोवर जेवायची वेळ होते, मग गाडीवाल्यांना जेवू घातल्याशिवाय कसं सोडायचं?

यंदा गाडीवाले राजूभाऊ फोनवर म्हणाले, तीनला निघायचंय, पुढं वर्ध्याकडं काम आहे. मी काकांना बजावलं, "काका, यंदा चाक रुतलं तं गाडी अर्ध्या टाक्या तशाच सोडून जाईन." काका नुसतं "हूं" म्हणाले.

सकाळी गाडी आली, मागे घेतली, आणि चाक रुतलं.

माझं डोकंच फिरलं. माणसं जॅक लावेपर्यंत मी वाकून मुरूम उकरला. वर बोटभर मुरूम, खाली खणून भुसभुशीत केलेली ओली माती, बरोबर चाकाएवढी. बाजूला सगळीकडे वीतभर मुरूम, दगडासारखा बसलेला. मी तरातरा काकांकडे निघालो.

शेडमागे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणकेचे रोडगे भाजायला टाकले होते. आर पडायलाच तासभर लागतो, म्हणजे गाडी यायच्या आधीच त्यांनी गोवऱ्या पेटवल्या होत्या. वांग्याची भाजी रटरटत होती. पडवीत काका पाट मांडत होते. एकेका पाटावर पाणसळ ठेवायचे, जिथं उतार दिसेल तिथं खाली चिंधी सारायचे.

राजूभाऊंनी मागून माझा दंड धरला. "दादा, बोलू नका त्यांना. मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. अंगण एवढं मोठं, गाडी कुठंही लागते. चाक मीच तिथं नेतो."

"आणि तीनला निघायचं?"

"वर्ध्याला उद्याचं सांगितलंय. तीन म्हटलं की काका रोडगे लवकर लावतात."

मला हसू आलं, आणि मग लाज वाटली. मी महिन्यातून एकदा येतो, टाक्या बघतो आणि "येतो काका, घरी वाट पाहून राहिले" म्हणत जेवायच्या आत निघतो. मी पाट मोजले. सहा होते. पाच गाडीवाल्यांचे, एक काकांचा.

"काहून रे, तोंड काहून पाडलं?" काकांनी विचारलं. "रुतलं का चाक?"

"रुतलं. काळी माती हाय ना काका."

"मंग काय तं!"

"काका, माहा पाट कुठं हाय?"

काकांनी हातातली पाणसळ खिशात सारली. "तू जेवशीन?"

"जेवतो. अन् आज मुक्कामच करतो."

ते लगबगीनं आत गेले आणि माळ्यावरचा एक जुना पाट घेऊन आले. धोतराच्या सोग्यानं पुसला आणि आपल्या पाटाला खेटून ठेवला. मी बसलो. पाट एका बाजूनं चांगलाच डगमगत होता. काका भाजी वाढायला धावले, आणि पाणसळ त्यांच्या खिशातच राहिली.