लाखेचा शिक्का

मेहुण्याने पत्र पेटीत टाकलं ते चांगल्या मनाने टाकलं, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. तिकीटसरांचा संताप त्यामुळेच जास्त होता. वाईट मनाने टाकलं असतं, तर त्याला घराबाहेर तरी काढता आलं असतं.

तिकीटसर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. तीस वर्षं पोस्टाची जुनी तिकिटं आणि पाकिटं जमवत आले, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं होतं. त्या दिवशी प्रदर्शनाची तयारी चालली होती आणि संग्रहातला सगळ्यात मोठा मानकरी जेवणाच्या टेबलावर येऊन बसला होता. दीडशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून निघालेलं पाकीट. वर दोन निळी तिकिटं, तीन बंदरांचे शिक्के. ते आणणारी आगबोट वाळूत रुतली, टपालाची थैली कुठल्याशा गोदामात पडून राहिली आणि पत्र पोचलंच नाही. मागचा लाखेचा शिक्का अजून शाबूत होता. न उघडलेलं पाकीट म्हणजे दुर्मिळातलं दुर्मिळ.

सर भिंग आणायला आत गेले. बहिणीकडे चार दिवसांसाठी आलेला मेहुणा तेवढ्यात फिरायला निघाला होता. पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं, बंद केलेलं पाकीट त्याला दिसलं. भाऊजींची एक खेप वाचेल म्हणून त्याने ते कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं आणि परत येऊन चपला काढता काढता तसं सांगितलंही.

सर एका पायात चप्पल घालून धावले. पेटीच्या फटीत त्यांनी हात घातला, तो मनगटापर्यंत गेला आणि घड्याळाशी अडकला. पोस्टमन पेटी उघडायला आला तोपर्यंत ते तसेच उभे होते. त्याने आधी त्यांचा हात सोडवला आणि मग पत्रं थैलीत भरली. सरांनी आपलं पाकीट मागितलं.

"पेटीत पडलं की ते तुमचं नाही, साहेब. ज्याच्या नावाचं, त्याचं."

"अहो, तो माणूस मरून शंभर वर्षं झाली."

"मग त्याच्या घरच्यांचं," असं म्हणून पोस्टमन सायकलवर बसला.

पोस्टातल्या बाई मात्र शांत होत्या. पत्र परत मागता येतं, पण अर्ज पाठवणाऱ्यानेच करावा लागतो, म्हणाल्या. सर म्हणाले, पाठवलं मी नाही. पेटीत टाकलं मेहुण्याने, लिहिलं दुसऱ्याच कुणी. बाईंनी त्या दुसऱ्याला घेऊन यायला सांगितलं. तोही वारला, असं सरांनी सांगताच बाईंचं पेन थांबलं.

"पाठवणारा नाही, घेणारा नाही. मग यात तुमचा काय संबंध?"

मागची रांग सरांकडे बघायला लागली. तिकीट परदेशी आहे, बाद झालेलं आहे, असलं पत्र तुम्ही पाठवताच कसं, असं त्यांनी आवाज चढवून विचारलं. थैली गेलीसुद्धा, बाई म्हणाल्या. तिकीट दिसलं, पत्ता लागला, शिक्का पडला. शिक्का पडला हे ऐकून सर बाकावर बसले.

घरी येऊन त्यांनी वरिष्ठांना चार पानी तक्रार लिहिली. दुसरं पत्र त्यांनी पाकिटावरच्याच पत्त्यावर पाठवलं. 'अकरा वर्षं माझ्या संग्रही असलेलं पाकीट चुकून आपल्याकडे येत आहे. न उघडता ताबडतोब परत करावं.' मेहुण्याशी त्यांनी बोलणं टाकलं. त्याला इतकं वाईट वाटलं की चार दिवसांचा मुक्काम त्याने तीन आठवडे केला.

मग त्या पत्त्यावरून उत्तर आलं. बायकोलाही राग यावा म्हणून सरांनी ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

'पाकीट उघडलं आहे. माझ्या पणजोबांच्या नावाचं पत्र उघडायला तुमची परवानगी लागते, हे मला माहीत नव्हतं. पत्र त्यांच्या धाकट्या भावाचं आहे. बोटीवर नोकरीला जाताना त्याने कपाटाची किल्ली चोरून नेली, असं आमच्या घरात सगळे सांगत आले. कपाट कुऱ्हाडीने फोडावं लागलं आणि पणजोबांनी त्याचं नाव टाकलं. आजही घरात कुणी खोटं बोललं की किल्लीचोरावर गेलाय म्हणतात. तो लिहितो, दादा, घाईत सांगायचं राहिलं, किल्ली भिंतीवरच्या घड्याळामागे खिळ्याला आहे. रागावू नकोस, उत्तर लिही. ते घड्याळ कधीचंच बंद पडलंय, पण जागचं हललेलं नाही. मी या वयात स्टुलावर चढून पाहिलं. किल्ली आहे. पोस्टाला उशीर झाला हे मी समजू शकते, बोट रुतली होती. तुमच्या घरात ते अकरा वर्षं कशात रुतलं होतं? पाकीट परत मिळणार नाही.'

शेवटाकडे येता येता सरांचा आवाज आपोआप खाली आला होता. कपड्यांच्या घड्या करणारे बायकोचे हात थांबले होते.

"किती वाट पाहिली असेल हो त्याने उत्तराची," ती म्हणाली.

सर म्हणाले, मुद्दा तो नाही, मुद्दा लाखेचा आहे. पण मुद्दा कुणी ऐकला नाही. मेहुणा नाक पुसत होता.

"अहो, अशी न उघडलेली अजून किती आहेत तुमच्याकडे?" बायकोने विचारलं.

"सहा," सर म्हणाले, आणि कुणी काही बोलायच्या आत तावातावाने सांगू लागले की गावांची नावं बदललीत, घरं पडली असतील, कुणाला काय पडलंय. बायको घड्या घालत राहिली. सरांनी संग्रहाच्या कपाटाला कुलूप लावलं. ते चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात येऊन, चेहऱ्यावरचा राग तसाच ठेवून, गरम सुरी मागितली. लाख फोडायची नाही, नुसती मऊ करायची, असं बजावून पहिलं पाकीट उघडलं. आत चार पानं होती, आणि ती कुणा गृहस्थाने आपल्या मेहुण्याला लिहिली होती. फार संतापून लिहिली होती. सरांनी ती उभ्याउभ्याच दोनदा वाचली.

"काय लिहिलंय, भाऊजी?" मेहुण्याने विचारलं.

"तुझ्यासाठी नाहीये ते," सर म्हणाले. पानांच्या घड्या त्यांनी जपून होत्या तशा घातल्या. "पण हे पोचलंच पाहिजे."