सोपानमामांचं फाटक

आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाचंही फाटक उघडं दिसलं, की सोपानमामा ते लावून पुढे जातात. शाळेचं, देवळाचं, कुणाच्या शेताचं. एकदा तर त्यांनी सरपंचांनाच गोठ्यात कोंडलं. आतून आरडाओरडा झाला तेव्हा म्हणाले, "फाटक उघडं कावून ठेवलं? रोग फाटकातूनच निघतोय!"

मामा जन्माचे मेंढपाळ. हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते रुक्मिणीमुळे. ही त्यांची एकुलती एक लेक, पुण्याला प्रयोगशाळेत कर्करोगावर संशोधन करते. दिवाळीत आली तेव्हा माझ्या ओट्यावर बसून तिने आम्हाला समजावलं. कॅन्सरच्या पेशीला बारीक बारीक दारं असतात. त्यांतून मिठासारखे क्षार आत-बाहेर होतात आणि त्या जोरावर पेशी अंगात दुसरीकडे सरकते. बेडकाच्या कातडीत जंतू मारणारी इवलीशी प्रथिनं असतात. त्यांनी ही दारं बंद होतील का, पेशी जागच्या जागी थांबेल का, हे ती बघते आहे.

मामांनी त्यातलं मीठ आणि फाटक तेवढं धरलं. मेंढरं थांबतात का बघायला त्यांचं मीठच बंद केलं. मेंढरं कसली थांबतात! सगळा कळप माझ्या घराची लोणा धरून खारट झालेली भिंत चाटायला आला. मामांनी लगेच पुण्याला फोन लावून प्रयोग फसल्याचं कळवलं.

"आबा, मेंढरू म्हंजी पेशी न्हाई," रुक्मिणी हसत म्हणाली.

मामा माझ्याकडे वळले. "बघितलं? बापाची चूक लगेच धरली! लई हुशार हाय."

मध्यंतरी वाडीवरचा भानुदास आला. त्याच्या बायकोला स्तनाचा कॅन्सर, उपचार चालू होते.

"मामा, सुया टोचून घेऊन ती पार कंटाळलीय. दवाखाना सोडतो. रुक्मीताईचं बेडकाचं औषध द्या."

मला वाटलं, आता मामांची छाती फुगणार. पण त्यांनी भानुदासचा दंड धरला.

"ते औषध न्हाई बे अजून. काचंच्या भांड्यातल्या पेशीवर चाललंय. माझ्या लेकीच्या नावावर दवाखाना सोडलास, तर याद राख."

दुसऱ्या दिवशी मेंढरं माझ्या गळ्यात टाकून मामा त्या दोघांबरोबर दवाखान्यात जायला एसटीत बसले. तेव्हापासून दर खेपेला जातात. माझी भिंत निम्मी चाटून झाली, पण अशा माणसाचा मी शेजारी आहे, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

काल संध्याकाळी मामा माझ्या ओट्यावर बसून, फोनचा स्पीकर लावून लेकीशी बोलत होते.

"रुक्मे, लागलं का फाटक?"

"न्हाई आबा. अजून न्हाई."

"लागंल. घाई करू नको. तुझ्या मायची गाठ छातीतून हाडात गेली, तवा मधी फाटक असतंय हेबी आपल्याला ठावं न्हवतं."

मामांनी फोन खिशात ठेवला. मग उठले आणि जाता जाता माझं फाटक हलक्या हाताने लावून गेले.