पाव्हण्याला घरची भाषा शिकवणारे बप्पा

आमचे महादेवबप्पा कॉम्प्युटरशी बोलतात. मनात नाही, मोठ्यानं. आणि तेही अहो-जाहो करून. लोहाऱ्यातल्या आमच्या डेअरीच्या ऑफिसात प्रोग्रॅमर म्हणून ते एकटेच. माझं टेबल शेजारी, त्यामुळं हे सगळं ऐकणं माझ्या नोकरीचाच भाग झालंय.

यंदा वरून हुकूम आला: जुना डेटाबेस सोडा, नव्यावर या. बप्पांनी त्या नव्याचं नाव ठेवलं 'पाव्हणं'. जुन्यातली निम्मी फंक्शनं, म्हणजे ठरावीक कामाच्या तयार आज्ञा, पाव्हण्याला ठाऊकच नव्हती. काही विचारलं की स्क्रीनवर लाल अक्षरं.

"पाव्हण्याला आपल्या घरची भाषा येत न्हाय. शिकवू की! घाई कुणाला हाय?"

घाई साहेबांना होती. पण बप्पा एकेक जुनं फंक्शन त्याच नावानं नव्यात लिहीत बसले. एखादं चाललं की म्हणायचे, "वा पाव्हणं! घ्या, च्या घ्या." आणि चहा स्वतः प्यायचे.

मग एका सकाळी घोळ झाला. दुधाच्या पावत्या निघाल्या. लिटर बरोबर, फॅट बरोबर, पण काही बायकांच्या नावाची जागा कोरी. बप्पांनी शोधलं. ज्यांचं मधलं नाव, म्हणजे नवऱ्याचं किंवा बापाचं, भरलेलं नव्हतं, त्यांचं अख्खं नावच पाव्हण्यानं रिकामं धरलं होतं. जुन्याला तेवढं चालायचं.

साहेब म्हणाले, "बप्पा, तिथं एकेक टिंब टाका. मिटला विषय."

"टिंब म्हंजी काय तिचा नवरा व्हय, साहेब?"

साहेबांना हसू आवरेना. बप्पा मात्र हसले नाहीत. डबा न उघडता त्यांनी नवं फंक्शन लिहिलं: आहे तेवढं नाव जोडायचं, नाही ते सोडून द्यायचं. संध्याकाळच्या पावत्यांवर सगळ्या बायका परतल्या.

त्या दिवशी मी बप्पांना गाडीवरून घरी सोडलं. दारात शालनअक्का उभ्या होत्या, बप्पांची थोरली बहीण. दूध घालून नुकत्याच आल्या होत्या, कॅन अजून हातातच.

"आलं बरं का माझं नाव," त्या हसत मला म्हणाल्या. "सकाळी कोरी पावती बघितली आन् म्हनलं, सासरच्यांनी काढलं तसं आता डेअरीनंबी काढलं का काय!"

बप्पांनी अक्कांच्या हातातली कॅन घेतली आणि हौदापाशी बसून ते ती विसळायला लागले.