सोडता येणारं घर

आमच्या येळ्ळुरातला भरमाण्णा, सगळ्यांचा अण्णा, कुणाच्या घरी गेला की आधी माणसांकडं बघायचा नाही, आढ्याकडं बघायचा. लग्नघरात पंगत बसलेली, वाढपी आमटी घेऊन उभा, आणि हा मान वर करून विचारणार, "घर झ्याक हाय. पन सोडता येतंय काय?" यजमान बिचारा लाडू पुढं करायचा.

घर कसं, न मोडता सुटं करता आलं पाहिजे, म्हणून खिळ्याचा त्याला विटाळ. तुळई खांबावर बसवायची ती लाकडी खुंटीनं, वासे बांधायचे ते काथ्यानं, भिंती मातीच्या. "खिळा मारला की लाकूड मेलं. खुंटी काढली की तेच लाकूड दुसऱ्याच्या घरात नांदतंय," म्हणायचा. कुणाचं जुनं घर उतरवायचं ठरलं की हा मजुरांच्या आधी हजर. त्याच्या दाराची चौकट उचगावच्या एका पडक्या घरातली. तिला तो 'उचगावकरीण' म्हणायचा आणि दिवाळीला स्वतःच्या आधी तिला तेल लावायचा. माझ्या वडिलांनी सोप्यात सिमिटाची जमीन केली, तर उंबऱ्याबाहेरूनच बोलला, "आता हितनं हलू नगासा. हे काय बरोबर न्हेता येत न्हाय."

लढाईच्या दिवसांत बेळगावच्या बाजारात खिळे मिळेनात, तेव्हा टिंगल करणारेच त्याच्या दारात खुंट्या मागायला आले. त्या वर्षी अण्णाचे पाय जमिनीला लागत नव्हते.

वेड लागायला कारण होतं, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याचा धाकटा भाऊ यल्लाप्पा बांधावरच्या फणसावरून अण्णाशी भांडून जांबोटीला, सासुरवाडीला जाऊन राहिला होता. जाताना म्हणाला, "घरातला माझा वाटा एक दिस येऊन न्हेतो." अण्णानं मग वडिलांचं घर सगळं उतरवलं आणि असं पुन्हा उभं केलं, की धाकट्याची बाजू अलगद निघावी, एक वासाही मोडू नये. त्या बाजूच्या लाकडांवर गेरूचे ठिपके दिले. तिथं कुणी राहायचं नाही. पण पावसाळ्याआधी कौलं शाकारायची ती तिथली आधी. अण्णाच्या अंथरुणावर गळालं तरी चालेल. "त्येचं हाय, आला की न्हेईल," एवढंच म्हणायचा. असे कितीतरी पावसाळे गेले.

एकदा जांबोटीकडून बांबू घेऊन येणाऱ्या गाडीवानानं यल्लाप्पाचा निरोप आणला. "धाकलं म्हनालं, आता राग न्हाय. हितं माझं घर झालंय. माझा वाटा अण्णालाच ऱ्हाऊ दे."

अख्खं घर फुकटात पदरात पडलं म्हणून आळी खूश. माझी आई साखर घेऊन गेली, मीही मागोमाग गेलो. अण्णा खांबाला टेकून बसला होता. कुणी गेल्याचा निरोप आल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"अण्णा, चांगलंच झालं न्हवं?" मी विचारलं.

"व्हय, चांगलंच." खांबावरच्या गेरूच्या ठिपक्यावरून त्यानं बोट फिरवलं. "खुंटी एकट्याला निघत न्हाय रं. एकानं तुळई उचलून धरायची, दुसऱ्यानं ठोकायची. लई दिसांचं काम. त्या निमतानं तरी आला असता. चार दिस हितं जेवला असता."

मला फार वाईट वाटलं. "मग बोलवा की. जांबोटी काय विलायतेत हाय?"

"काय म्हनून बोलवू? आता त्येचं हितं काय ऱ्हायलं न्हाय."

"तुमी हाईसा की, अण्णा."

तो माझ्याकडं बघत राहिला. हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.